पोलादाचं पाणी

फुलचूर, गोंदिया
१४ नोव्हेंबर २०२४

धर्मू,

फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड. यात घरचं काही नाही, कामाचं आहे.

माझा नंबर तू अडवून ठेवलास, मायचाही. चाकणच्या तुझ्या स्प्रिंग कारखान्याचा पत्ता शालीकरामने दिला. मिलमध्ये बाबूजींच्या हाताखाली होता तोच; त्याचा भाचा तुमच्याच गेटवर असतो म्हणे. तसाही सोबतचा नमुना फोनवरून पाठवता आला नसता, म्हणून ही स्पीड पोस्ट.

काम असं आहे. नागपूरची एक कंपनी राइस मिलमधल्या तांदूळ निवडणाऱ्या मशीनसाठी कॉम्प्युटरच्या पेट्या बनवते. त्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर हीटसिंकचा ठोकळा दाबून धरणारी क्लिप त्यांना हवी आहे. सध्या चार प्लास्टिकच्या खुंट्या आहेत. मे महिन्यात मिलच्या पत्र्याखाली त्या नरम पडतात, मशीनच्या थरथरीने सैल होतात, हीटसिंक केसभर उचलला जातो आणि प्रोसेसर भाजून निघतो. तुला हे सांगणं म्हणजे मासोळीला पोहायला शिकवणं, पण पत्राची सुरुवात कुठून तरी करायची असते.

माय परवा म्हणाली, "दिवसभर त्या चिमट्याचं काय करून राहिली वो तू?" मी सांगितलं, भाकर तव्याला नीट टेकली नाही तर तेवढी जागा कच्ची राहते ना, तसंच हे आहे. हीटसिंक प्रोसेसरला सगळीकडून टेकला तरच आतली उष्णता बाहेर येते. "मंग फडक्यानं दाबायचं," माय म्हणाली. ते फडकंच आपण बनवत होतो, तू आणि मी, पोलादाचं.

आता माझे प्रश्न. नमुन्याची पट्टी मी बाजारातून आणली आहे. ती आणखी पातळ घेऊ का? तेलात विझवल्यावर पुन्हा किती तापवू? आणि मुख्य म्हणजे, ही पट्टी वर्षानुवर्षं ताणलेली राहिली तर ढिली पडेल का? चित्र काढणं, माप धरणं माझं. पोलादाला तापवून, विझवून पाणी द्यायचं तर हात तुझाच हवा. मी करते तेव्हा एक तर ते तुटतं, नाही तर वाकतं.

माझं काही चुकत असेल तर कळव. तुझं कधीच चुकत नाही हे साऱ्या फुलचूरला ठाऊक आहे. जांभळं खाऊन जीभ जांभळी करून उभा होतास आणि म्हणत होतास, "मी नाही खाल्ली." बाबूजी तेव्हा म्हणाले होते, याच्या तोंडून 'चुकलं' काढायचं तर पक्कड लागेल.

घरी सगळे बरे आहेत. बाबूजीही बरे आहेत. यंदा दवनीवाड्याच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ रंगला असं शालीकराम सांगत होता. आमचं जाणं झालं नाही. अक्षर वाकडं आलं असेल तर टेबल हलतंय असं समज, बाजूला एक मशीन चालू असते.

दामिनी


फुलचूर
५ डिसेंबर २०२४

धर्मू,

तुझं उत्तर मिळालं. वर बहिणीला नेहमीचं 'बाई' नाही, खाली सही नाही. विजेच्या बिलात यापेक्षा जास्त माया असते. पण पट्टीची जाडी तू बरोबर सांगितलीस. तशी करून पाहिली आणि पहिल्यांदाच क्लिप तुटली नाही.

शेवटची ओळ मात्र मी विचारलेल्या प्रश्नाच्या पुढे गेली. "चांगल्या पाण्याची पट्टी ताणून ठेवली म्हणून ढिली पडत नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं." घरचा विषय तू काढलास, मी नाही. मग आता ऐक.

बाबूजी बरे आहेत हे मी खोटं लिहिलं. टेबल हलतं ते ऑक्सिजनच्या मशीनमुळे. तीस वर्षं मिलमध्ये कोंडा नाकातोंडात गेला, तो आता छातीत बसला आहे. गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की यातून उतार नाही, जपायचं फक्त. बाबूजींची खाट मी तुझ्या खोलीत, आपल्या कामाच्या टेबलाशेजारी आणली आहे. लाइट गेली की सिलिंडर लावायला मला धावावं लागतं. मंडईला कोण जाणार?

तुझं नाव ते घेत नाहीत. पण रोज विचारतात, "शिकंज्याले तेल लावलं का?" पोलाद आवळून धरायचा तो शिकंजा तुझा, म्हणजे विचारतात कुणाला ते तूच समज.

त्या दिवशी मिलमध्ये जे झालं ते मला कधीच पटलं नाही. ऐन धान भरडायच्या हंगामात तांदूळ निवडणारी मशीन प्रोसेसर जळून बंद पडली, काळा दाणा पोत्यांत गेला, लॉट परत आला. शेठ सगळ्यांसमोर ओरडले, "भैयालाल, तेरे बच्चों का जुगाड़ मेरी मशीन खा गया." आपली क्लिप तिथे बसवायला बाबूजींनीच शेठचे पाय धरले होते. हाताने उघडेल अशी दांडी ठेवा, मिलमध्ये स्क्रू काढायला पेचकस कोण शोधत बसतो, हेही त्यांनीच सांगितलं होतं. ज्या माणसाला शेठ कधी 'अरे' म्हणाले नाहीत, त्याची मान त्या दिवशी खाली गेली. मग बाबूजी तुझ्याकडे वळले आणि म्हणाले, "याच्या पोलादात पाणीच नाही." तू म्हणालास, "माझी स्प्रिंग गेली नाही." ते म्हणाले, "मंग का हवेनं जळलं?"

हमालांसमोर, शालीकरामसमोर ते तसं बोलायला नको होते. तूही बॅग उचलून जायला नको होतास. त्याला आता दोन वर्षं होतील. एकदा फोन कर. त्यांच्याशी नाही, मायशी बोल. मी फोन त्यांच्या उशाशी ठेवेन, तेवढ्यानेही चालेल.

बाई


फुलचूर
३१ डिसेंबर २०२४

धर्मू,

तुझ्या अटीचा कागद आला. "बाबूजींनी एवढंच म्हणावं, धर्मूची स्प्रिंग चांगली होती. मी त्याच दिवशीच्या गाडीने निघतो."

मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "जळलं ते जळलं. मरता मरता खोटं कायले बोलू?" म्हणाले. एका दावणीला दोन मारके बैल बांधले की मधल्या गाईची जी गत होते, ती माझी आहे.

हे पत्र मी आठवड्यापूर्वीच लिहायला घेतलं होतं. त्यात तुला चार शिव्या होत्या. ते फाडलं. कारण काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

काल अमावास्या होती. दुपारी मी त्यांच्या खाटेशेजारी नवी क्लिप हीटसिंकवर बसवली आणि दांडी दाबून बंद केली. आता महिनाभर तशीच ठेवून ताण किती उतरतो ते पाहणार होते. बाबूजी पडल्या पडल्या पाहत होते.

"आज अवस आहे ना वो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग तिले ताणून काऊन ठेवली? सोड. आजच्या दिवस आराम दे तिले."

मला वाटलं तापात बोलत आहेत. मी विचारलं, "कोणाले आराम, बाबूजी?"

"स्प्रिंगले. आपल्या जुन्या, धान सोलायच्या हलरवर चामड्याचे पट्टे होते ना, ते दर अवसेले ढिले करत होतो आपण. मिल बंद, पट्ट्याले आराम. दुसऱ्या दिवशी कसून घ्यायचे. म्हणून तर आपले पट्टे टिकत." मग दम घेऊन म्हणाले, "तुमच्या क्लिपले बी मी दर अवसेले आराम देत होतो. कोणाले हात लावू देत नव्हतो, मीच दांडी उघडत होतो अन् मीच सकाळी लावत होतो. एक अवस चुकवली नाही. तरी नाही टिकली. त्याच्या पाण्यातच कसर होती, मी का करू?"

धर्मू, माझ्या हातातला पेचकस खाली पडला. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते म्हणाले, "काय झालं वो?" मी म्हणाले, पाय मुरगळला.

तुला समजलं असेल. तुला माझ्याआधी समजलं असेल. दांडी उघडली की हीटसिंक उचलला जातो, प्रोसेसरची उष्णता वर पोहोचवणारी खालची पेस्ट फाटते. सकाळी दांडी पुन्हा दाबली तरी फाटलेली पेस्ट काही जुळत नाही. मध्ये हवा राहते, आणि मिलमध्ये हवा म्हणजे कोंडाच. पोलाद काही चामडं नाही, त्याला आराम लागत नाही. पण ज्याने आयुष्यभर पट्टे सांभाळले, त्याला हे कोण सांगणार होतं? आपण दोघांनी क्लिप कशी लावायची ते शिकवलं. महिन्याला उघडायची नाही, हेही सांगायला हवं, असं कुणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?

जळालेला सगळा भाग मी पोत्यात बांधून माळ्यावर ठेवला होता. माय भंगारवाल्याला देणार होती, मी दिला नव्हता. तो खाली काढला. पेस्ट पाहिली. एकावर एक थर होते, आणि प्रत्येक थरात बारीक कोंडा, नख लावलं की सुटत होता. मग तुझी क्लिप वजनकाट्याला लावून ओढली. ताण होता तेवढाच आहे. तुझी स्प्रिंग गेली नव्हती. तू पहिल्या दिवशी म्हणालास तेच खरं होतं आणि मी दोन वर्षं मधल्या मध्ये गप्प होते, कारण मला माहीतच नव्हतं.

मायला हे चुलीजवळ सांगितलं. मी म्हटलं, बाबूजींना सांगते. हे कळलं की ते आपसूक म्हणतील, धर्मूची स्प्रिंग चांगली होती, आणि तू येशील. माय सुपातले तांदूळ तसेच ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "मरत्या माणसाले कायले जाळतेस वो? ज्या पोराले त्यानं हाकललं, त्याचं काम आपणच बिघडवलं, हे घेऊन जाऊ द्यायचं का त्याले?"

मी म्हणाले, "अन् धर्मूनं काय घेऊन जगायचं?"

मायने सूप उचललं आणि ती तांदूळ पाखडायला लागली. ते झोपले की त्यांचे हात मी पाहते. त्याच हातांनी ते दर अमावास्येला तुझ्या क्लिपची दांडी हळूच उघडत होते, तुझी वस्तू टिकावी म्हणून. मला रडू येतं आणि त्यांचा रागही येतो, दोन्ही एकाच वेळी.

तुझी जुनी क्लिप सोबत पाठवते आहे. स्वतः ओढून बघ. सांगायचं की नाही ते तू ठरव. नाव तुझं गेलं आहे. तू म्हणशील तर मी उद्या सांगेन, मायला दुखलं तरी.

बाई


फुलचूर
१३ जानेवारी २०२५

धर्मू,

फोन कर असं मी म्हटलं होतं, नाटक कर असं नव्हतं. या हंगामात झाडीपट्टीच्या कुठल्याही नाटक कंपनीने तुला मुख्य भूमिका दिली असती.

मायचा नंबर तू मोकळा केलास, आणि तिच्या फोनवर तुझा आवाज आला तेव्हा मी स्पीकर लावून तो त्यांच्या उशाशी धरला. मला वाटलं तू विचारशील, जाब मागशील, निदान रडशील. आणि तू काय म्हणालास? "बाबूजी, तुमचं बरोबर होतं. पाणी देताना माझंच चुकलं."

खोटारडा. पक्कड न लावता निघालं.

त्यांनी कूस वळवून तोंड फोनजवळ आणलं. मग म्हणाले, "राहू दे. मनाले लावून नोको घेऊ. मी बी आराम दिला होता तिले, आपल्या परीनं आपण दोघांनी बी केलं. जेवला का?" तू म्हणालास जेवलो. त्यावर फोन कट झाला, का तू केलास, ते तुलाच माहीत.

नंतरचं तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते. त्या दिवशी त्यांनी वाटीभर भात खाल्ला. संध्याकाळी शालीकराम आला तर त्याला सांगितलं, "पोरानं कबूल केलं. मनाचा मोठा आहे." शालीकराम मान हलवत गेला. तो आता मिलमध्ये सांगेल, चहाच्या टपरीवर सांगेल. दोन वर्षं लोक निदान म्हणत होते की बापलेकात कोण खरं कोण जाणे. आता तुझ्याच तोंडचा दाखला झाला.

माय देवाजवळ दिवा लावून बसली, तिचं समाधान झालं. माझं झालेलं नाही. तुझ्यावर मी इतकी चिडले आहे की समोर असतास तर कानाखाली वाजवली असती. माझ्या भावाच्या हातात कसब आहे हे त्याच्या बापाला न कळताच बाप जाणार. तुला हे चालतं, मला चालत नाही.

पण तू ठरव असं मीच लिहिलं होतं. म्हणून गप्प बसले आहे. अट तर आता राहिली नाही ना? मग ये. डॉक्टर आता तारखा देत नाहीत, फक्त फोन चालू ठेवा म्हणतात.

बाई


फुलचूर
१६ फेब्रुवारी २०२५

धर्मू,

तेरवी आटोपली. तू नव्हतास तर मामांनी विचारलं, मी म्हटलं कारखान्यात सुट्टी मिळाली नाही. राख सावडून तू त्याच संध्याकाळी गेलास. स्टेशनवर सोडायलाही येऊ दिलं नाहीस.

सरणावर तू त्यांच्या उजव्या हाताखाली काहीतरी ठेवलंस. लोकांना वाटलं, चंदनाचा तुकडा असेल. राख सावडताना ते मला सापडलं. तुझी जुनी क्लिप. मी पदराला पुसून घरी आणली. आगीने तिचं पाणी उतरलं आहे, आता बोटाने वाकते. पुरावा जाळून तू मोकळा झालास. तुला वाटलं असेल की आता हे कधी कुणाला सिद्ध करता येणार नाही, आणि बापाचं झाकलेलं झाकलेलंच राहील.

म्हणून लिहिते आहे. बाबूजींनी मला सांगू नको म्हटलं होतं. इतके दिवस मी नाही सांगितलं. आज मायला विचारलं, ती म्हणाली, "सांग. तो तिकडे एकटाच आहे."

२९ जानेवारीला मी मायच्या फोनवरून तुला निघ म्हणून सांगितलं, ती अमावास्या होती. दुपारी तू गाडीत बसल्याचं कळवलंस. मी त्यांना सांगितलं, धर्मू निघाला, सकाळी पोहोचेल. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. नवी क्लिप महिन्यापूर्वी लावली तशीच होती, दांडी बंद.

"आज अवस ना?" म्हणाले.

त्यांच्या मनासारखं व्हावं म्हणून मी उठले, दांडीला हात लावला. त्यांनी मान हलवली.

"राहू दे. नोको सोडू."

मी हात तसाच ठेवून उभी राहिले. ते एकेक शब्द दम घेऊन बोलत होते, मध्ये मध्ये थांबत होते, मी सलग लिहिते आहे.

"जांभळं खाऊन, जीभ दाखवून जो 'मी नाही' म्हणे, तो चुकलं म्हणते का वो? हाडाचा हट्टी आहे तो, माह्यावर गेला. त्याचं खरंच चुकलं असतं तर तो जन्मात कबूल झाला नसता. तो कबूल झाला, तवाच मी समजलो की त्याचं नव्हतं. मंग पडल्या पडल्या इचार केला. मशीनले हात लावणारा दुसरा होता कोण? मीच होतो. आरामानंच बिघडली ना ते?"

खोटं बोलायचं होतं, पण तोंड उघडेना.

"तू बी मायसारखीच चूप," म्हणाले. हसायला गेले आणि खोकला आला. मी पाणी पाजलं. मग माझं मनगट धरून म्हणाले, "त्याले नोको सांगजो मले समजलं म्हणून. बापाचं राखलं, याचं बरं वाटून राहिलं असन त्याले. ते कायले हिसकायचं?"

मी म्हणाले, "बाबूजी, तो सकाळी येऊन राहिला. तुम्हीच बोला त्याच्याशी."

त्यावर ते 'हो' म्हणाले नाहीत आणि 'नाही'ही म्हणाले नाहीत. मला वाटलं, तू दारात उभा राहिलास की ते आपणच बोलतील, म्हणून तुला गाडीत फोन केला नाही. सकाळी तू नागपूरला होतास तेव्हा ते गेले. तू आलास तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि तू माझ्याकडे पाहतही नव्हतास.

नवी क्लिप अजून टेबलावर आहे, तशीच लावलेली. नागपूरच्या कंपनीला ती पसंत पडली. त्यांनी दांडी मागितली होती, मी नाही ठेवली, आता ती पेचकसानेच निघते. यायचं असेल तर ये, शिकंज्याला मी तेल लावून ठेवते. नाही आलास तरी आता मी काही म्हणणार नाही.

पण तुझ्या अटीचं तेवढं राहिलं. माझं मनगट सोडण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "तो कागद आणला होता तू, त्यात काय म्हण म्हणे तो?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, आणि कुणी समोर बसून लिहून घेत असावं तसं सावकाश म्हणाले, "धर्मूची स्प्रिंग चांगली होती."

तुझी बाई